पटत नसतानाही शिकवलंत, सर

आदरणीय सर,
शिरसाष्टांग नमस्कार.

बेअर-नकलचं, म्हणजे ग्लोव्हजशिवाय उघड्या मुठींनी खेळायच्या बॉक्सिंगचं, कॉन्ट्रॅक्ट घेऊन आलो तेव्हा तुम्ही तोंडावर सांगितलंत, "मला हे पटत नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून शिकवायला लागलात. म्हणून हे उघड पत्र. परळच्या आपल्या हॉलमधल्या पोरांनीही ते वाचावं.

हौशी बॉक्सिंगच्या सवयी तुम्हीच लावल्यात, मोडल्यातही तुम्हीच. ग्लोव्हज गालाशी धरले की अर्धा चेहरा झाकतो. उघडी मूठ मात्र फटीतून सरळ आत येते. गार्ड पुढे आणायला, डोकं सतत हलतं ठेवायला लावलंत. समोरच्याच्या कपाळावर ठोसा बसला तर आपलाच हात मोडतो, बहुतेकदा करंगळीमागचं हाड, हे एक्स-रे समोर धरून समजावलंत. ३ मिनिटांच्या राउंडमध्ये ठोशांची सरबत्ती करणारा मी आता २ मिनिटांत निवडून मारतो, तेही जमेल तितकं बरगड्यांखाली.

पट्टी बांधणं शिकण्यातच एक अख्खी संध्याकाळ गेली. गॉझ आधी मनगटाभोवती, मग अंगठ्याखालून तळव्यावर. मुठीच्या हाडांच्या इंचभर अलीकडे थांबायचं, हा नियम. माझी टेप जरा पुढे सरकली होती. तुम्ही फूटपट्टी लावलीत, एक शब्द न बोलता कात्रीने सगळं कापून काढलंत आणि नवा गॉझ हातात दिलात.

पण सगळ्यात मोठे उपकार घरी येऊन केलेत. आईला वाटत होतं, ही गुंडांची चोरटी मारामारी. १८८९ सालची सलिव्हन आणि किलरेन या अमेरिकन बॉक्सर्सची उघड्या मुठींची ७५ राउंडची लढत खरंच बेकायदा होती, पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंगने या खेळाला रीतसर परवानगी दिली, आता रिंगजवळ डॉक्टर असतो, हे तुम्ही तिला सांगितलंत. आणि पुढे म्हणालात, "ताई, रक्त येणार. भुवई फुटणार. खोटं सांगणार नाही." त्या दिवसापासून ती माझ्याशी या विषयावर बोलायला लागली. खोटा धीर दिला असता तर हे झालं नसतं.

कॉन्ट्रॅक्टमध्ये दवाखान्याचा खर्च कोण करणार, हे मी वाचलंच नसतं. तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत.

सर, कॉर्नरमध्ये तुम्हीच हवेत. टॉवेल तुमच्याच हातात राहू दे. तुम्ही तो रिंगमध्ये टाकून लढत थांबवलीत तर मी वाद घालणार नाही.

तुमचा विद्यार्थी