कपाटामागच्या रेघा

प्रिय आई-बाबा,

रविवारी फोनवर माझा आवाज चढला, सॉरी. पुराच्या आधीच घर सोडा म्हटलं, तर बाबा तुम्ही "पाणी आल्यावर बघू की" म्हणालात आणि माझं डोकंच फिरलं, पुढं काय बोलले ते मलाच नीट आठवत नाही, म्हणून आता शांतपणे टाइप करून पाठवतेय. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, ते स्वतः वाचणार नाहीत, चष्मा सापडत नाही म्हणतील.

कपाटामागं भिंतीवर, दर पुराचं पाणी घरात कुठवर चढलं त्याच्या बाबांच्या पेन्सिलच्या रेघा आहेत ना, मला त्यांच्याबद्दलच बोलायचंय. सगळ्यात खालची २००५ ची, गुडघ्याच्याही खाली. तिच्या जोरावर तुम्ही चौदा वर्षं अख्ख्या गल्लीला सांगत होता की कोल्हापुरात आपल्या शाहूपुरीत पाणी यापेक्षा वर चढत नसतंय. मग २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर, जिथं नदीची पातळी मोजतात तिथं, पंचगंगा साडेपंचावन्न फुटांच्या वर गेली आणि रेघ गेली थेट खांद्यापाशी. तेव्हा म्हणालात, असला पूर आयुष्यात एकदाच. दोनच वर्षांत, जुलै २०२१ मध्ये, ५६ च्या वर. तिसरी रेघ दुसरीच्या वीतभर वर आहे, मी मोजलीय. आणि आता तुम्ही त्या तिसऱ्या रेघेच्या वर सामानाची फळी ठोकून निवांत बसलाय.

बाबा, रेघा खऱ्या आहेत, पण त्या झालेल्या पावसाच्या आहेत.

आई, तुला कळेल असं सांगते. मे महिन्यात गच्चीवर टाकलेली ओली साडी अर्ध्या तासात वाळते की नाही, तीच जुलैत दोन दिवस कुबट राहते. गरम हवेत वाफ जास्त मावते, एवढंच. हवा एक डिग्रीनं तापली की तिच्यात साधारण ७ टक्के वाफ जास्त मावते, आणि पृथ्वी कारखाने सुरू व्हायच्या आधीच्या मानानं एक डिग्रीच्या वर तापलीच आहे. अरबी समुद्रपण तापलाय. तिकडनं येणारं वारं ही सगळी वाफ घेऊन गगनबावड्याच्या घाटाला धडकतं, वर चढतं, गार होतं आणि सगळं तिथंच ओततं. तिथनं कुंभी, कासारी, तुळशी, भोगावती भरतात आणि शेवटी ते पाणी आपल्याच दारात.

गंमत म्हंजे वर्षाचा एकूण पाऊस फार वाढलाच पाहिजे असं काही नाही. तुमच्या लहानपणी चार महिने रिपरिप असायची म्हणता, रोप लावायला बरी, ती रिपरिप कमी आणि धो धो जास्त, मधे पंधरा-पंधरा दिवस ऊन. पुण्यात पाषाणला आयआयटीएम म्हणून पाऊस-हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे, तिथल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रपण येतो, मोठ्या भागावर एकदम कोसळणारा असला पाऊस १९५० ते २०१५ मध्ये तिप्पट झाला. आपल्याकडं दिवसाला ६५ मिलिमीटर पडला की अतिवृष्टी धरतात, महाबळेश्वरला २०२१ च्या त्या जुलैत एका दिवसात ५९० च्या वर पडला! आपला स्लॅब ६०० स्क्वेअर फूट आहे, त्याच्यावर नुसता १०० मिलिमीटर पडला तरी साडेपाच हजार लिटर पाणी होतं, मी हिशोब केला. आता अख्खा गगनबावडा तालुका डोळ्यासमोर आणा.

तुम्ही म्हणणार पूर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं येतो, मला माहितीय 😅. नदीकाठची बांधकामं म्हणा, धरणातलं पाणी कधी सोडलं ते म्हणा, मला मान्य आहे, त्याच्यावर भांडायलाच पाहिजे. १९८९ लापण पूर आला होता तेही मान्य, आणि एकच पूर धरून हा तापमानवाढीनंच आला असं मीपण म्हणणार नाही. पण सरकारी नकाशावरची पुराची निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल शंभर वर्षांत एकदाच्या, असं जे धरतात ते जुन्या पावसाच्या नोंदी बघूनच ना, म्हंजे तुमची पेन्सिल आणि त्यांची पेन्सिल एकच झाली.

आणि तुम्ही काय करता, रेनकोट घालून शिवाजी पुलावर पाणी बघायला जाता. आपल्या घरात नदी पुढच्या दारानं येतच नाही बाबा, पंचगंगा चढली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, ते मागं फुगतं. २०१९ ला आधी मोरीतनं बुडबुडे आले, आई म्हणाली पाइप तुंबलाय, आणि तासाभरात गॅसचा सिलिंडर तरंगत होता. चटणीची बरणी फुटून लाल पाणी झालेलं, वर्षाची चटणी ती. मग तुम्ही दोघं वरच्या काकूंच्या हॉलमध्ये तीन दिवस, बाबांच्या बीपीच्या गोळ्या खाली पाण्यात, फोन बंद, आणि मी इकडं पुण्यात, शिरोलीला हायवेवर पाणी असल्यानं निघूनपण उपयोग नाही. ते तीन दिवस कसे काढले ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, आत्तापण नको.

तर माझं एकच म्हणणं आहे. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट, पण तुम्ही ३९ ला, इशारा पातळीला, राजारामपुरीत मावशीकडं जायचं. रेघ कुठं आहे ते बघत बसायचं नाही, रात्र असेल तर रिक्षा मी इथनं बुक करते. पाणी नाहीच आलं तर चार दिवस मावशीच्या हातचं खाऊन परत या, गल्ली हसली तर हसू दे. गोळ्या, घराचे कागद, बँकेची पासबुकं एका पिशवीत घालून ती मावशीकडं आत्ताच ठेवायची. आई, यंदाची चटणीपण निम्मी तिकडं ठेव.

पुढच्या शनिवारी येतेय, पिशवी मी स्वतः भरणार. आणि बाबा, रंगारी येणार म्हणालात ना, कपाटामागच्या भिंतीला हात लावू देऊ नका त्याला, मी आल्यावर आधी फोटो काढते.

तुमची
चिमी