ताईला परत धाडू नका

पुणे

ती. आई-बाबा यांना सप्रेम सलाम.

रविवारी उपासना झाल्यावर ताईच्या सासरची माणसं आपल्याकडे बसायला येणार आहेत, असं आईनं फोनवर सांगितलं. आत्यामागं तिच्या या लेकीला दुसरं कुणी नाही, म्हणजे मामा म्हणून बाबांचा शब्द अखेरचा. 'दाजींना चार गोष्टी सांगू आणि पोरीला नांदायला धाडू' असं बहुतेकांचं मत पडलंय, हेही कळलं. बाबा, तिला धाडू नका.

ताई बाथरूममध्ये घसरून पडली असं सगळ्यांना सांगितलंय. तिनं मला एक्स-रेचा फोटो पाठवला. माणूस पडताना तळहात टेकतो आणि बहुतेक वेळा मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड मोडतं. ताईचं मोडलंय ते करंगळीच्या बाजूचं, कोपर आणि मनगटाच्या मधोमध. डोक्यावर येणारा मार अडवायला हात आडवा धरला की हाड असं मोडतं. कॅज्युअल्टीच्या ड्यूटीत असे हात मी पाहिलेत. विचारलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "पाइप होता."

आई, पाळकसाहेबांनी तुम्हाला बायबलमधलं मलाखीचं वचन दाखवलं, देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे. आहेच. पण वचन तिथं संपत नाही. मलाखी 2:16 मध्ये त्याच दमात जुलूम करणाऱ्या नवऱ्यालाही धारेवर धरलंय. अर्धं वचन वाचून कुणाच्या पोरीचा निकाल लावू नये. 'पती पत्नीचं मस्तक' याचंही तेच. ताईच्या लग्नात तो शास्त्रपाठ झाला. त्याच इफिस 5 मध्ये पौल नवऱ्यांना सांगतो की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर प्रीती करा. जो मंडळीचं मस्तक आहे त्या ख्रिस्तानं स्वतः फटके खाल्ले, कुणाला मारले नाहीत. आणि पेत्र म्हणतो, बायकोला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांत अडथळा येईल. दाजी त्यांच्या मंडळीच्या कमिटीवर आहेत. 1 तीमथ्य 3 मध्ये अध्यक्ष, म्हणजे मंडळीचा पुढारी, 'मारका नसावा' असं स्पष्ट लिहिलंय. बैठकीत कुणीतरी हे उघडून वाचायला हवं आणि ते बाबांनी वाचावं, ही माझी विनंती आहे.

खरा पुरुष कोण, असं कुणी विचारलं तर मला योसेफ आठवतो. नाताळच्या नाटकात त्याला धड एक वाक्य नसतं, खांद्यावर चादर घेतलेला मुलगा मरीयेशेजारी उभा असतो. पण मत्तयाचा पहिला अध्याय पाहा. मागणी झालेली मरीया लग्नाआधीच गरोदर असल्याचं कळलं, तेव्हा नियमशास्त्र योसेफाच्या बाजूनं होतं. मरीयेला चारचौघांत उभी करून स्वतःचं नाव राखणं त्याला सहज जमलं असतं. देवदूत स्वप्नात यायच्या आधीच त्यानं ठरवलं होतं की तिची बेअब्रू होऊ द्यायची नाही. हातात अधिकार असून तो बाईवर चालवला नाही, आणि पुढं तिला घरी आणलं. मला तरी यापेक्षा मोठी मर्दुमकी ठाऊक नाही.

बाबा, ही हिंमत तुमच्यात आहे. दहावीच्या परीक्षेत वर्गात कॉपी पुरवू दिली नाहीत म्हणून संस्थेनं तुमचा पगार अडवला होता. दुकानात उधारी वाढत गेली, तरी तुम्ही माघार घेतली नाही. ते परके होते. आता समोर पाहुणे आहेत, पाळक आहेत, आपलीच मंडळी आहे, आणि हे जास्त जड जातं हे मला कळतं. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणाऱ्या, ब्राह्मण घरातून आलेल्या नारायण शेषाद्रींचं नाव आपण जालन्याची माणसं अभिमानानं घेतो. 1843 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना उभं राहावं लागलं ते स्वतःच्याच घरच्यांसमोर.

'आपल्यात काडीमोड नसतो' असं कुणी म्हणेल. 1869 च्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या मारहाणीवर घटस्फोट मिळत नसे, ते खरं. 2001 च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे स्वतंत्र कारण झालं. पण रविवारी तो विषयच नको. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, कोर्ट दाजींना मनाई हुकूम देऊ शकतं, ताईचा आणि लेकराचा खर्च द्यायला लावू शकतं. पुढं नांदायचं की नाही, ते ताई ठरवेल, हात जुळून आल्यावर.

आई, 'बाईच्या जातीनं सोसावं' असं तू तिला म्हणू नकोस. तू खूप सोसलंस, म्हणूनच म्हणू नकोस. तिचा एक्स-रे, दवाखान्याचे कागद, आधार कार्ड, पासबुक, लेकराचा जन्मदाखला एका पिशवीत घालून आपल्या कपाटात ठेव. बैठकीत तिला चहा करायला आत पाठवू नका, बाबांच्या शेजारची खुर्ची द्या. मी शनिवारी रात्रीच्या गाडीनं निघते, उपासनेआधी पोचते.

तुमची लेक