कमिशन मिळते, हे व्हिडिओतच सांगा

व्हिडिओ पाहता पाहता खरेदी करण्याच्या नव्या सोयीचे स्वागत करणारा रविवार पुरवणीतील लेख वाचला. लहान विक्रेत्यांना तिचा फायदा होतो, हे मान्य. पण पाहणाऱ्याचे काय? यूट्यूबने ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांच्या साथीने भारतात अशी योजना सुरू केली. व्हिडिओतून वस्तू विकली गेली की तो करणाऱ्याला कमिशन मिळते. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते लपवण्यात. 'ताई, मी स्वतः वापरते' असे अगदी घरगुती मराठीत सांगत मिक्सर दाखवला जातो आणि पैसे मिळाल्याचा उल्लेख मात्र खालच्या वर्णनात, हॅशटॅगांच्या गर्दीत, इंग्रजीत सापडतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हा खुलासा केवळ वर्णनात देऊन भागत नाही. तो व्हिडिओतच, दिसेल आणि ऐकू येईल असा हवा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही कायद्यात आहे. मग सारी भिस्त व्हिडिओ करणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर कशासाठी? कोणत्या व्हिडिओला खरेदीची लिंक जोडली आहे आणि कमिशन कोणाला जाते, हे ॲपला पक्के ठाऊक असते. अशा प्रत्येक व्हिडिओवर 'या विक्रीवर कमिशन मिळते' ही पाटी, व्हिडिओच्याच भाषेत, ॲपनेच आपोआप लावावी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तसा आदेश काढावा.

— एक ग्राहक, सांगली