व्हायरस गेला, एरर मात्र राहिले

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, मुलीच्या बारावीच्या नोट्स, घरच्या पावत्या, सगळं एकाच कॉम्प्युटरवर. गेल्या महिन्यात त्यात मालवेअर, म्हणजे व्हायरससारखा घातक प्रोग्रॅम शिरला, अँटीव्हायरसनं काढला पण, आणि खरा ताप त्यानंतर सुरू झाला. चालू केलं की 'रनडीएलएल' लिहिलेली चौकट यायची, फाईल सापडत नाही म्हणून, आणि वायफाय चालू असून एकही साईट उघडेना. दुकानात नेलं तर नीट न बघताच म्हणाले फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. मुलगी रडकुंडीला आली हो.

शेवटी भाच्यानं घरी बसून बघितलं. ती चौकट म्हणजे व्हायरस नव्हताच, व्हायरसची फाईल गेलेली पण ती चालू कर असं सांगणारी नोंद टास्क शेड्युलरमधे (ठरल्या वेळी प्रोग्रॅम आपोआप चालू करणारी विंडोजची सोय) तशीच पडून होती, ती काढली की चौकट बंद. नेटचं कारण तर अजून साधं, मालवेअरनं सेटिंगमधे प्रॉक्सी, म्हणजे नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारा पत्ता, घालून ठेवलेला, तो ऑफ केला. मग कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाईप करायची खिडकी) ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिसम (DISM) आणि नंतर एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) या विंडोजच्याच कमांड चालवल्या, विंडोजच्या बिघडलेल्या फाईली त्यातनं दुरुस्त होतात, पैसे लागत नाहीत. हरवलेली डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी फाईल, भलत्या साईटवरनं उतरवू मात्र नका, त्यातनंच परत घाण येते.

दुकानदारांना कळकळीची विनंती, फॉरमॅटच्या आधी एवढं तरी बघा, आणि करायचाच झाला तर गिऱ्हाइकाच्या फाईली आधी पेनड्राईव्हवर काढून द्या.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली