अंगणात दूर्वा, मळ्यात बाग

चि. माई,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"आजीची बाग उपटून लॉन? तेही जळगावात?" एवढं बोलून तू परवा फोन ठेवलास. तुझा राग मला समजतो. नानांनी तुला निम्मंच सांगितलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. शांतपणे वाच.

दसऱ्याला मळ्यात राहायला जायचं हे आता पक्कं आहे. नाना रिटायर झाले, शेत इतकी वर्षं बटाईने दिलेलं, ते आता स्वतः करायचं त्यांच्या मनात आहे आणि माझ्याही. हे घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं. येणारी माणसं चांगली आहेत, दोघंही नोकरीला, पदरात दोन लहान मुलं. त्यांच्याकडून वांग्याला आळं करा, गिलक्याचा वेल मांडवावर चढवा, मिरचीवरचा मावा बघा अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. भाजीच्या वाफ्याला रोज माणूस लागतो. आणि काळी जमीन पावसाळ्यात नुसती मोकळी सोडली की गाजरगवत माजतं. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याच्या माणसाला त्रास होतो. त्या मुलांनी खेळायचं कुठे?

"तेही जळगावात?" हे तू पाण्यावरून म्हणालीस, ते मात्र अगदी खरं. मी हिशोब केला. आपलं अंगण २० बाय ३० फूट, म्हणजे ५६ चौरस मीटरच्या आसपास. रोज ५ मिलिमीटर पाणी धरलं तरी २८० लिटर होतं. एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ वर असताना, आपल्या भागात एवढं पाणी नुसत्या गवतावर ओतायचं म्हणजे मला पाप वाटतं. म्हणूनच नर्सरीतल्या गवताच्या लाद्या घेतल्या नाहीत, दूर्वा लावल्या. उन्हाळ्यात पाणी तोडलं की दूर्वा वाळून पिवळ्या पडतात, पण जमिनीखालचं खोड जिवंत असतं. मृगाचा पाऊस झाला की पुन्हा फुटतात. भाडेकरूंना मी स्पष्ट सांगून ठेवलंय, मे महिन्यात अंगण पिवळं दिसलं तर दिसू द्या, नळी लावू नका.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तू झोका खेळून सासरी गेलीस आणि आम्ही खणायला घेतलं. माणूस लावून फूटभर खोल कुदळणी केली. खरा त्रास लव्हाळ्याचा. वरून पात उपटली की वाटतं गेला, पण खाली काळ्या गाठी एकीला एक दोऱ्याने जोडलेल्या असतात आणि प्रत्येक गाठ पुन्हा उगवते. सकाळी ऊन चढायच्या आत मी पाटावर बसून त्या वेचायचे. मग जमीन भिजवून वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं, कडा मातीने दाबल्या आणि मेचं ऊन मृगापर्यंत त्यावर तापू दिलं. वरच्या थरातलं तणाचं बी त्याने मरतं. खोलवरच्या गाठी मात्र मरत नाहीत, त्या वेचाव्याच लागतात.

प्लॅस्टिक काढल्यावर वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळलं, नाहीतर काळी माती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. उतार फाटकाकडे दिला. भिंतीलगत दोन फुटांची पट्टी गवताशिवाय ठेवून तिथे खडी टाकली. काळी माती पाणी पिऊन फुगते, पायाजवळ सतत ओल राहिली तर भिंतींना तडे जातात. मग दोरी धरून, चार-चार बोटांवर, दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे टोचत गेलो. दूर्वा कुठून आणल्या माहीत आहे? मळ्याच्या बांधावरून. शेतात जी हरळी आपण खणून काढतो, तीच बादलीत धुऊन इथे लावली. आता हिरवे कोंब दिसू लागलेत. निंबाखाली लावली नाही. दूर्वांना ऊन लागतं, सावलीत त्या विरळ होतात. तिथे ओटा बांधलाय. निंब जागेवरच आहे, तुझ्या झोक्याच्या फांदीसकट.

आता आजीच्या बागेचं. माई, मी ती उपटून टाकलेली नाही, गाडीत बसवतेय. जून महिना त्यासाठीच हातात ठेवला होता. मोगऱ्याची खालची फांदी वाकवून, जरा साल खरवडून मातीत दाबली आहे आणि वर वीट ठेवली आहे. मुळं धरली की मूळ झाडापासून कापायची. लिंबाला गुटी बांधली आहे. पेन्सिलीएवढ्या फांदीची इंचभर साल गोल काढली, ओलं शेवाळ गुंडाळलं, वर प्लॅस्टिक घट्ट बांधलं. दीड-दोन महिन्यांत आतून पांढरी मुळं दिसायला लागतील. कढीपत्त्याला मुळावर बाजूने फुटवे आलेले होतेच, त्यातले तीन पिशवीत लावलेत. शेवग्याची हातभर लांबीची जाड फांदी नुसती खोचली तरी लागते. गवती चहा आणि अळूची तर काळजीच नको. गुलाब नेणार नाही, त्याचं खोड आतून पोकळ झालंय.

पण एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतेय आणि नानांशी त्यावरून दोनदा वाद झालाय. इथली माती मळ्यात न्यायची नाही. जुनी वांगी उपटली तेव्हा मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. त्या सूत्रकृमीच्या. ही कीड मातीबरोबर जाते आणि केळीच्या मुळांनाही धरते. म्हणून पिशव्यांत मळ्यातलीच माती भरली, कढीपत्त्याच्या फुटव्यांची मुळं धुऊन घेतली. मोगरा वेगळा करताना तेच करणार. केळीचा मुनवाही, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, इथून हलवायचा नाही. यावल-रावेरकडे हरण्या रोगाने केळीच्या बागांचं किती नुकसान होतं हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. माव्यामुळे पसरणारा तो रोग काकडी, मिरची, टोमॅटोवरूनही केळीवर येतो. तेव्हा घरची भाजी केळीपासून चांगली लांब, विहिरीच्या पलीकडच्या तुकड्यात. ती जागा नानांनी आखून दिली आहे. पाणी ठिबकनेच द्यायचं, कारण त्या पट्ट्यात विहिरी आणि बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खाली चाललंय.

आणि भरिताच्या वांग्याचं बी! हे मी सगळ्यात आधी केलं. आजीच्या हातचं ते हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हाताच्या ओंजळीत न मावणारं वांगं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आजी त्याच्याही कितीतरी आधीपासून दरवर्षी सगळ्यात चांगलं फळ बियाला राखायची. यंदा मी दोन फळं झाडावरच पिवळी होऊ दिली. चिरून बी पाण्यात चोळलं, वर तरंगलं ते फेकलं, तळाशी बसलं ते सावलीत कागदावर वाळवलं आणि राखेत घोळून बरणीत भरलं. गेल्या आठवड्यात त्यातलं निम्मं मळ्यातल्या गादीवाफ्यावर टाकलं. उगवण चांगली आहे. महिनाभरात रोपं लावणीला येतील. चातुर्मासात आपल्याकडे वांगं वर्ज्य, तेव्हा चंपाषष्ठीचं पहिलं भरीत मळ्यातच, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. जावईबापूंना आत्तापासून सांगून ठेव, रजा काढायची.

मळ्यातल्या घराचं काम ठीक चाललंय. स्लॅब झाला, फरशी राहिली. शेतीपंपाची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते, म्हणून सोलर पंपाचा अर्ज केलाय.

श्रावणातली आपली कानबाई देवी यंदा इथेच बसवायची, या घरातली शेवटची. तोवर दूर्वांची पहिली कापणी झालेली असेल. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायची नाही, हे भाडेकरूंना तू समजावून सांग, तुझं बोलणं त्यांना पटेल. रोटांसाठी गहू दळून ठेवते. येताना तुझ्याकडच्या झाकणाच्या रिकाम्या बरण्या घेऊन ये, पोकळ्याचं आणि गिलक्याचं बी अजून भरायचं आहे. आणि तुला तिथे गॅलरीत काय लावायचं ते आधी कळव, म्हणजे मोगऱ्याची एक फांदी तुझ्यासाठीही दाबून ठेवते.

तुझी,
आई