बाबा, रात्रीची गोळी बंद करू नका

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

काल आईशी बोलताना कळलं की बाबांनी कोलेस्टेरॉलची गोळी बारा दिवसांपासून बंद केली आहे. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून लिहिते आहे. आई, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा तूच वाचून दाखव.

आईने रिपोर्टचा फोटो पाठवला, तो पाहिला. त्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये अ‍ॅडिपोनेक्टिन नावाच्या प्रथिनाची तपासणी आहे, तुमचा आकडा वरच्या बाजूला आलाय आणि शेजारी 'हृदयासाठी चांगले' असं छापलंय. त्यावरून तुम्ही धरून चाललात की आता धोका टळला.

बाबा, ही तपासणी मी रोज माझ्या हाताने करते. तळहाताएवढी प्लेट असते, तिच्यात ९६ खळगे. हे प्रथिन रक्तात इतकं भरपूर असतं की सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, आधी शेकडो पटींनी पातळ करावं लागतं. सगळी द्रावणं घालून झाली की खळगे निळे होतात, मग आम्लाचा थेंब पडला की पिवळे. जेवढा पिवळा गडद, तेवढं प्रथिन जास्त. मशीन रंग वाचून आकडा देतं. पण त्या खळग्यात कोणाचं रक्त आहे, त्याचं वय काय, त्याच्या धमनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी जाळी, आहे का, यातलं मशीनला काहीच ठाऊक नसतं. तो शेरा कॉम्प्युटरने आपोआप छापलाय. तुमच्या अँजिओप्लास्टीची फाइल पाहून तो कोणी लिहिलेला नाही.

चरबी म्हणजे नुसता साठा, असं पूर्वी मानायचे. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेला लेप्टिन हे चरबीतलं संप्रेरक सापडलं आणि चरबी रक्तात स्वतःचे निरोप सोडते हे कळलं. अ‍ॅडिपोनेक्टिन त्याच्या पुढच्याच वर्षी सापडलं. ते तयार करते चरबीच, पण पोटातली चरबी वाढली, तिथल्या पेशी फुगल्या की ते कमी होतं, आणि सूज वाढवणारी दुसरी प्रथिनं वाढतात. २००४ साली अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त पुरुषांच्या अभ्यासात दिसलं की ज्यांच्या रक्तात हे प्रथिन जास्त, त्यांना पुढे हार्ट अटॅक कमी आले. रिपोर्टवरच्या शेऱ्यामागे अशाच अभ्यासांचा आधार असतो.

पण त्या पुरुषांना सुरुवातीला हृदयविकार नव्हता. तुम्हाला आहे. ज्यांना आधीच हृदयाचा आजार आहे अशा लोकांत बऱ्याच ठिकाणी उलटं दिसलंय: आकडा जास्त, तिथे मृत्यूही जास्त. हृदयावर ताण आला, वजन उतरायला लागलं की हा आकडा आपोआप चढू शकतो. तुमचं तसंच आहे असं मी मुळीच म्हणत नाही, घाबरू नका. पण या आकड्यावर विसंबून औषध सोडता येत नाही. शिवाय ज्यांच्यात जन्मतःच जनुकांमुळे हे प्रथिन कमी असतं, त्यांना त्यामुळे हृदयविकार जास्त होतो असंही दिसलेलं नाही. म्हणजे ही खूण आहे. धमनी राखण्याचं काम ती करते, याला पुरावा नाही.

त्याच रिपोर्टमध्ये खाली एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ६१ लिहिलंय, ते बघा. अँजिओप्लास्टीच्या वेळी ते १४८ होतं. ही घट त्या गोळीने केली आहे, आणि रक्त दिलंत तेव्हा गोळी चालू होती. बंद केली की थोड्याच आठवड्यांत आकडा परत चढतो.

'मी कुठे जाड आहे?' हे तुमचं नेहमीचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघे शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं हातापायाने काटकुळी आणि आतून चरबीची असतात, हे त्यांनी स्वतःच्याच अंगावर दाखवलं. मला तो फोटो पाहिला की तुम्ही आठवता: मनगटं बारीक आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली.

आई, शिलाई मशीनच्या खणातली टेप काढ. बाबांना श्वास सोडायला सांग आणि शेवटची बरगडी व कमरेचं हाड यांच्या मधोमध माप घे. पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेपस्तीस इंच. तुझंही घे, बायकांना ८०. दोन्ही मापं मला कळव. हजारो रुपयांच्या पॅकेजपेक्षा या मापावर माझा जास्त विश्वास आहे.

बाबा, पायात गोळे येतात म्हणून गोळी सोडली असेल तर तसं मोकळेपणाने सांगा. औषध बदलून देता येतं, डोस कमी करता येतो, पण ते डॉक्टरांनी करायचं. आजच त्यांना फोन करून बारा दिवसांचा खंड सांगा आणि ते म्हणतील तशी सुरू करा. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे ना? ती एक दिवसही चुकवू नका, मी हात जोडते.

शनिवारी सकाळच्या एसटीने येते आहे. डॉक्टरांची वेळ दुपारनंतरची घ्या. अँजिओप्लास्टीची फाइल, जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची सगळी पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, एका पिशवीत भरून ठेवा.

तुमची,
मनू