शाळेच्या चेकवरची दुसरी सही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची मी दोन वर्षं अध्यक्ष होते. पहिली ते चौथी, पट 42, शिक्षक दोन. पहिल्या वर्षी माझं काम एकच, शाळेच्या चेकवर गुरुजींच्या सहीशेजारी दुसरी सही करणं. कांदाकाढणी चालू असली की गुरुजी चेकबुक घेऊन बांधावर यायचे. मी मातीचा हात पदराला पुसून मोटारसायकलच्या सीटवरच सही ठोकायचे. चेकवर रक्कम लिहिलेली असायचीच असं नाही.

मग ग्रामसभेत एकाने विचारलं, "शाळेला 25 हजार आले, ते गेले कुठं?" मला एका रुपयाचाही हिशेब सांगता येईना. सगळा संशय गुरुजींवर गेला. ते सरळ माणूस, लाईट बिल कितीदा स्वतःच्या खिशातून भरलेलं. सह्या दोघांच्या होत्या, बोलणी मात्र त्यांनी एकट्याने खाल्ली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 मी त्यानंतर वाचलं. समितीत 75 टक्के पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणं हे समितीचं काम आहे. पुढच्या कलमात शाळा विकास आराखडाही समितीनेच करायचा आहे. म्हणजे गुरुजींनी मांडलेल्या खर्चावर अंगठा उठवायला आम्हाला बसवलेलं नाही.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानात 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजार रुपये मिळतात. 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा आणि उरलेल्यात खडू, दुरुस्ती, वीज, पाणी सगळं भागवायचं. एवढ्याशा पैशात चुकीला जागा नसते.

दुसऱ्या वर्षी आम्ही व्हरांड्यातल्या फळ्यावर जमाखर्च लिहायला लागलो. कोऱ्या चेकवर सही बंद. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ सारखा गळायचा, दरवर्षी नवी तोटी बसायची. फळ्यावर तो खर्च वाचून प्लंबिंगचं काम करणारे एक पालक आत गेले आणि म्हणाले, "तोटी बदलून काय होणार? आतला पाइपच चिरलाय." पाइपचे पैसे समितीने दिले, मजुरी त्यांनी घेतली नाही. वर्षभर नळ गळला नाही. गुरुजींना हे कळायला हवं होतं, असं कुणी म्हणू नये. ते वर्ग घेतात, पोषण आहाराची नोंद ठेवतात, ऑनलाइन माहिती भरतात, किर्द म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही लिहितात. कायद्यानुसार प्राथमिक शाळेत 150 च्या वर पट असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. आमच्यासारख्या शाळेत वर्ग शिकवणाराच कारभारीही असतो.

आता पैसे पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवरून परस्पर दुकानदाराच्या खात्यात जातात. कोरा चेक गेला हे चांगलंच झालं. पण समितीच्या ठरावाआधी खरेदी झाली आणि प्रोसिडिंग म्हणजे बैठकीचं इतिवृत्त नंतर लिहून सह्या गोळा केल्या, तर आमची गत तीच.

शिक्षण विभागाला माझं कळकळीचं सांगणं आहे. आमच्या दोन्ही वर्षी अनुदान मार्चमध्ये पडलं. आठ दिवसांत खर्च दाखवून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, तर समिती बसणार कधी आणि दरपत्रकं मागवणार कधी? पैसे जूनमध्ये द्या. पालकांचं प्रशिक्षण तालुक्याला सकाळी 11 वाजता ठेवू नका, त्या दिवसाची मजुरी बुडते. गावात संध्याकाळी घ्या आणि किर्द, व्हाउचर प्रत्यक्ष हातात देऊन शिकवा.

आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेच्या जमाखर्चाचं वाचन हा विषय दरवर्षी घ्या. वाचायला अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांनाही उभं करा.

आपली,
एक पालक, जि. नाशिक